मोहल्ला समिती आणि धार्मिक सलोखा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिवंडीत 1988 नंतर उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्या आणि त्यांच्यापासून धडा घेऊन पुढे मुंबईत झालेले काम यांविषयी मंडळांचे पदाधिकारी, शिक्षक, कार्यकर्ते आणि पोलीस खात्यात नव्याने आलेले अधिकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना या प्रयोगाच्या यशाइतकीच त्याची पडझडही सांगितली आहे, कारण नवी समिती स्थापन करणाऱ्याला पडझडीचा उपयोग अधिक होतो.

या विषयात भिवंडीचेच नाव सर्वप्रथम का घेतले जाते?

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. मागावर काम करणाऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन आणि अन्सारी विणकर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत; सुताच्या आणि कापडाच्या व्यापारात गुजराती आणि मारवाडी आहेत; शहरात जुनी कोकणी मुसलमान घराणी आहेत आणि भोवतालच्या गावांत आगरी समाज आहे. यांतील एकाचाही धंदा दुसऱ्यावाचून चालत नाही. असे असूनही 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली, तिचे पडसाद जळगाव आणि महाडमध्ये उमटले आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि ती आग ठाणे व मुंबईपर्यंत गेली. त्या वेळी सर्व ठिकाणचे मिळून अडीचशेहून अधिक लोक मारले गेले.

अशा शहरात 6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर काय होईल याचा अंदाज कोणीही बांधला असता. प्रत्यक्षात शेजारची मुंबई डिसेंबर आणि जानेवारी असे दोन वेळा जळाली आणि भिवंडीत मोठी दंगल झाली नाही. पोटापाण्याचे संबंध 1970 मध्येही होते आणि 1984 मध्येही होते, तेव्हा केवळ त्यांच्यामुळे शहर वाचले असे म्हणता येत नाही. मधल्या आठ वर्षांत काहीतरी निराळे घडले होते.

ते निराळे म्हणजे नेमके काय?

सुरेश खोपडे हे 1988 मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहराची विभागणी मोहल्ल्यांत केली आणि मोहल्लागणिक एक अशा सुमारे 70 समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत त्या वस्तीत राहणारे हिंदू आणि मुसलमान असे दोन्हीकडचे लोक घेतले गेले, आणि ते लोक सामान्य होते: मागवाले, दुकानदार, दवाखाना चालवणारे डॉक्टर, शिक्षक, फेरीवाले. ज्यांच्यावर गुन्हे नोंदलेले होते अशांना बाहेर ठेवण्यात आले. प्रत्येक समितीशी पोलीस ठाण्यातील एक कर्मचारी जोडलेला होता आणि बैठका नियमाने भरत असत, म्हणजे सण जवळ आला म्हणून किंवा तणाव झाला म्हणून त्या बोलावल्या जात नसत.

या शेवटच्या गोष्टीकडे वाचणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही, पण सगळी रचना तिच्यावरच उभी होती. बैठकीत येणारे विषय किरकोळ असत. कोणाच्या मुलाने कोणाला मारले, कोणाची गाडी कोणाच्या दारात उभी राहते, नळावर कोणाची भांडी आधी लागतात, अशा तक्रारी तेथेच मिटवल्या जात. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. किरकोळ भांडणाला धर्माचा रंग चढण्याआधीच ते संपू लागले. आणि पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची ज्यांना भीती वाटत असे, त्यांना एक तरी पोलीस नावानिशी ओळखीचा झाला.

शांतता समित्या तर प्रत्येक पोलीस ठाण्यात आधीपासून आहेत. मग नवीन काय?

शांतता समितीची बैठक कशी असते हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला फार सांगावे लागत नाही. गणपती, ईद किंवा मोहरमच्या आठवडाभर आधी ठाण्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या जातात. पुढच्या रांगेत माजी नगरसेवक, मशिदीचे विश्वस्त, मंडळांचे अध्यक्ष आणि एखादा मोठा व्यापारी बसतो. सगळे जण आपल्या गावाला एकोप्याची परंपरा असल्याचे सांगतात, चहा होतो, फोटो निघतो. यातील बहुतेक माणसे तणावाच्या रात्री वस्तीत नसतात, आणि असली तरी गल्लीच्या तोंडाशी जमलेली पोरे त्यांचे ऐकत नाहीत, कारण त्या पोरांनी त्यांना एरवी कधी पाहिलेलेच नसते.

मोहल्ला समितीचा सदस्य ज्या पोराला घरी जा म्हणून सांगतो, त्याच्या आईला तो ओळखतो. फरक एवढाच आहे, पण पहाटे दोन वाजता तोच महत्त्वाचा ठरतो.

भिवंडी समित्यांमुळेच शांत राहिली, हे सिद्ध झाले आहे का?

काटेकोरपणे म्हणायचे तर नाही. एकाच शहराच्या एकाच प्रसंगावरून असे सिद्ध करता येत नाही, आणि त्या काळातील पोलिसांची पूर्वतयारी, आधीच्या दोन दंगलींत व्यापाराचे झालेले नुकसान, लोकांना आलेला थकवा या कारणांचाही वाटा असणार. मात्र या प्रश्नाचा व्यापक अभ्यास झालेला आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी वारंवार दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या लावून तुलना केली. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा त्या तीन जोड्या होत्या. त्यांचा निष्कर्ष असा की खेड्यात रोजच्या उठण्याबसण्यातले संबंध पुरतात. शहरात मात्र ते पुरत नाहीत आणि तेथे दोन्ही समाजांचे लोक एकत्र असलेल्या व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालये, क्लब अशा संस्थांचे जाळे असावे लागते. ज्या शहरात असे जाळे आपोआप विणले गेले नव्हते, तेथे ते प्रयत्नपूर्वक उभे करता येते याचे उदाहरण म्हणून त्यांनी भिवंडीकडे पाहिले. प्रस्तुत लेखकालाही हेच स्पष्टीकरण सर्वांत पटण्यासारखे वाटते.

मुंबईत हे काम केव्हा आणि कसे सुरू झाले?

दंगलीनंतर, म्हणजे उशिरा. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी 1998 मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत 900 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू, 5 इतर आणि 45 अज्ञात होते. यांपैकी 356 मृत्यू पोलिसांच्या गोळीबारात झाले होते. हा शेवटचा आकडा ध्यानात घेतला तर मुंबईत दोन समाजांचा समेट घडवणे जेवढे कठीण होते, तेवढेच एका समाजाचा पोलिसांशी समेट घडवणेही कठीण का होते, ते कळते.

माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये मुंबईत मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली. भिवंडीत सूत्रे पोलिसांकडे होती. मुंबईत नागरिकांचा न्यास स्थापन झाला आणि पोलीस त्याचे भागीदार राहिले. चळवळीने पोलिसांच्या सहभागाने वस्त्यावस्त्यांतील तरुणांचे क्रिकेट सामने भरवले. सामन्यांची काही जण थट्टा करतात. पण ज्या हवालदाराने काल आपल्याला हटकले त्यालाच आज आपण चेंडू टाकतो आहोत, हा अनुभव भाषणाने देता येत नाही.

संवाद म्हणजे प्रत्यक्षात काय बोलायचे?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. पहिल्या बैठकीत धर्मावर बोलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्व धर्म एकच शिकवण देतात या विषयावर सर्वांचे चटकन एकमत होते आणि त्या एकमताचा पुढे काहीही उपयोग होत नाही. गटारे, पाण्याची वेळ, रस्त्यावरचे दिवे, शाळेतील प्रवेश, वस्तीतील गर्दचा व्यापार हे विषय आधी घ्यावेत, कारण त्यांत दोन्ही बाजूंची तक्रार तिसऱ्याविरुद्ध, बहुधा महापालिकेविरुद्ध असते, आणि एकत्र अर्ज घेऊन गेलेली माणसे परत येताना एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागतात.

काही महिन्यांनी खरे विषय आपोआप निघतात. पहाटेच्या अजानचा भोंगा, मिरवणुकीतला डीजे, मशिदीसमोर वाद्ये थांबवणे, बकरी ईदच्या वेळची स्वच्छता, मांसाहारी कुटुंबाला घर नाकारणे, मुलीने दुसऱ्या धर्मातील मुलाशी केलेले लग्न. त्या वेळी अध्यक्षाने विषय बदलू नये. प्रत्येकाला आपले म्हणणे संपवू द्यावे, मध्ये कोणी तोडू नये, आणि उत्तर देण्याआधी समोरच्याने काय म्हटले ते आपल्या शब्दांत सांगावे. एवढा नियम पाळला तरी बैठक तुटत नाही. जेथे कायद्याचा नियम आहे तेथे तोच दोघांना सारखा लावावा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. भोंगा कोणत्या इमारतीवर बसवला आहे हे त्या नियमात विचारलेले नाही.

स्थानिक नेतृत्व कोणाला म्हणावे?

ज्याच्याकडे लोक आपणहून भांडण घेऊन जातात त्याला. तो बहुधा पदावर नसतो. वस्तीतील जुना शिक्षक, दायी, किराणा दुकानदार, रेशनच्या रांगेत सगळ्यांचे अर्ज भरून देणारी बाई, व्यायामशाळेचा वस्ताद, मशिदीत मुलांना शिकवणारा हाफिज यांपैकी कोणीही तो असू शकतो. धारावीत 1992-93 नंतर भाऊ कोर्डे आणि वकार खान या दोघांनी केलेले काम या अर्थाने पाहण्यासारखे आहे. एक शाळेच्या कामातून वस्तीत ओळखला जाणारा, दुसरा कपड्याचा छोटा कारखानदार. वेगवेगळ्या धर्मांच्या वेशातील मुलांचे छायाचित्र असलेले आणि ‘हम सब एक हैं’ हा मजकूर असलेले पोस्टर वकार खान यांनी काढले आणि ते वस्तीत व पोलीस ठाण्यांत लागले. पोस्टरांनी दंगली थांबत नाहीत हे खरे. पण ते पोस्टर वस्तीतल्याच माणसाने स्वतःच्या खर्चाने काढले होते, सरकारी खात्याने छापून पाठवलेले नव्हते, आणि वस्तीला हा फरक कळतो.

आणखी एक सूचना येथे करावीशी वाटते. ज्याचे आपल्या समाजात वजन नाही असा सौम्य माणूस समितीत घेणे सोपे असते, कारण तो दुसऱ्या बाजूला आवडतो. अशा माणसांची समिती गोड बोलते आणि प्रसंग आला की एकटी पडते. थोडा कडक, आपल्या समाजाची बाजू ठामपणे मांडणारा, पण दिलेला शब्द पाळणारा सदस्य दहा पटीने उपयोगी असतो.

धर्मगुरूंना समितीत घ्यावे का?

घ्यावे, पण समिती त्यांच्या हाती देऊ नये. शुक्रवारच्या नमाजनंतर किंवा आरतीनंतर त्यांनी सांगितलेली दोन वाक्ये शंभर पत्रकांपेक्षा लवकर पोहोचतात. मात्र रस्त्यावरचे भांडण शास्त्रार्थाने मिटत नाही.

सण एकाच दिवशी आले तर मिरवणुकांचा प्रश्न कसा सोडवावा?

महाराष्ट्रात अलीकडे या प्रश्नाला दिले गेलेले उत्तर सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. 28 सप्टेंबर 2023 रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईत खिलाफत समितीने पुढाकार घेऊन ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले, राज्यात इतरत्रही अनेक शहरांत तसेच झाले आणि शासनाने ईदची सुट्टी 29 तारखेला हलवली. पुढे 2024 आणि 2025 मध्ये दोन्ही सण एका दिवसाच्या अंतराने आले तेव्हाही जुलूस पुढे ढकलण्यात आला आणि मुंबईत सुट्टी त्यानुसार बदलली गेली.

हा निर्णय वरून लादलेला नव्हता म्हणून तो टिकला. त्याबरोबर एक गोष्ट सांगणे भाग आहे. प्रत्येक वेळी एकाच बाजूने मागे सरायचे असा पायंडा पडला तर त्याला समजूतदारपणा म्हणता येणार नाही. मार्ग, वेळ, मशिदीसमोर किंवा मंदिरासमोर थांबण्याचा कालावधी, स्वयंसेवकांची संख्या या बाबतींत दुसऱ्या बाजूनेही काहीतरी सोडावे आणि ते लेखी असावे. ताबूत, संदल, शिवजयंती आणि विसर्जन या सर्वांचे मार्ग एकाच नकाशावर काढून तो नकाशा वर्षाच्या आरंभी समितीसमोर ठेवला, तर अर्धी भांडणे तेथेच दिसून येतात.

अफवा आणि मोबाइलवरील संदेश यांचे काय करावे?

भिवंडीच्या समित्यांच्या काळात अफवा माणसाच्या पायांनी चालत असे. आता ती मोबाइलवर एका क्षणात गावभर होते. कोल्हापुरात जून 2023 मध्ये मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसमुळे शहर पेटले, हे ताजे उदाहरण आहे. अशा वेळी खंडन करणारा मोठा मजकूर कोणी वाचत नाही. उपयोग होतो तो दोन्ही समाजांतील ओळखीच्या माणसांनी जागेवर जाऊन, एकत्र उभे राहून, तेथे काय दिसते ते आवाजी संदेशात सांगण्याचा. त्यासाठी कोणी कोणाला फोन करायचा ही साखळी आधी ठरलेली असावी लागते. द्वेष पसरवणाऱ्या मजकुराविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 आणि 299 नुसार तक्रार करता येते. मात्र सोळा वर्षांच्या मुलाने पुढे ढकललेला संदेश आणि तो संदेश मुद्दाम तयार करणारा माणूस यांत समितीने फरक करावा. मुलाच्या घरी जावे, आणि तयार करणाऱ्याची तक्रार नोंदवावी.

ज्यांनी घरातली माणसे गमावली, त्यांनी न्यायाशिवाय सलोखा का करावा?

त्यांनी तो करावाच असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणण्याची घाई बहुतेक वेळा ज्याचे काही गेले नाही त्यालाच असते. मुंबई दंगलीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, नोव्हेंबर 2022 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्य शासनास आदेश द्यावा लागला की बेपत्ता नोंदलेल्या 168 व्यक्तींपैकी ज्या 108 जणांच्या वारसांना भरपाई मिळालेली नाही त्यांचा शोध घ्यावा, आणि सुप्त फायलीत, म्हणजे पुढे न चालवता बाजूला, पडलेल्या 97 खटल्यांचा तपशील द्यावा. इतक्या वर्षांनी ज्या घरात हा प्रश्न जिवंत आहे, त्या घराला शीरखुर्मा आणि तिळगुळाच्या देवघेवीने काय वाटत असेल याचा विचार कार्यक्रम आखणाऱ्यांनी करावा.

समिती न्यायालयाचे काम करू शकत नाही. ती कागदपत्रे मिळवून देऊ शकते, साक्षीदाराबरोबर न्यायालयात जाऊ शकते, सोडून गेलेले कुटुंब परत राहायला आले तर शेजाऱ्यांना त्याच्या दारी नेऊ शकते. दुसऱ्या समाजातील माणूस आपल्या खटल्यासाठी खेपा घालतो आहे, हे पाहून जो विश्वास निर्माण होतो तो कोणत्याही परिसंवादातून निर्माण होत नाही. उलट तक्रार मागे घ्या म्हणून दबाव आणण्यासाठी समितीचा वापर झाला, तर ती समिती त्या दिवशी संपली असे समजावे.

खेड्यांत समितीची गरज आहे का?

तेथे जुन्या रीती बऱ्याचदा पुरेशा असतात. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात गोटखिंडी येथे 1980 च्या सुमारापासून गणपती मशिदीत बसतो, आणि अनेक गावांत पिराच्या उरुसाचा मान हिंदू घराण्याकडे आहे. महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 पासून राबवलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून गावोगाव समित्याही झाल्या. पण शहरातून येणारे संदेश आता खेड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर असतात, आणि आमची परंपरा मोठी आहे या समाधानात राहणे धोक्याचे आहे.

स्त्रियांचा सहभाग कसा वाढवावा?

बैठक रात्री नऊ वाजता पोलीस ठाण्यात ठेवली तर बायका येणार नाहीत, एवढे साधे आहे. दुपारी तीन वाजता, बालवाडीत किंवा कोणाच्या ओट्यावर ठेवावी. घरातला मुलगा कोणाबरोबर फिरतो, त्याच्या हाती पैसे कोठून येऊ लागले आणि गल्लीत कोणी नवखा येऊन काय सांगतो, हे पुरुषांच्या आधी त्यांना माहीत असते.

चांगल्या चाललेल्या समित्या बंद का पडतात?

अधिकाऱ्याची बदली होते, हे पहिले कारण. समितीचा सदस्य महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो, हे दुसरे. आणि बरीच वर्षे काही घडले नाही म्हणून बैठका अनावश्यक वाटू लागतात, हे तिसरे आणि सर्वांत मोठे कारण. याची किंमत खुद्द भिवंडीने मोजली. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानाशेजारी पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद झाला, जमाव चालून आला, पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले आणि त्यानंतर दोन पोलिसांना जमावाने मारले. हा हिंदू आणि मुसलमान यांच्यातला दंगा नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पण ज्या शहराने पोलीस आणि वस्ती यांच्यातील विश्वासाचा धडा घालून दिला, तेथेच तो विश्वास इतका आटला होता. अशा जागेचा वाद दगड हाती येण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या कंटाळवाण्या बैठकीत यायला हवा होता.

आम्हाला आमच्या वस्तीत सुरुवात करायची आहे. पहिल्या तीन महिन्यांत काय करावे?

नाव, फलक आणि उद्घाटन यांच्या मागे लागू नये. दोन्ही समाजांतील दोन-दोन माणसांनी मिळून वस्तीत घरोघर फिरावे आणि लोक भांडण घेऊन कोणाकडे जातात एवढाच प्रश्न विचारावा; जी दहा-बारा नावे पुन्हा पुन्हा येतील त्यांना बोलवावे. पोलीस ठाण्यात जाऊन वरिष्ठ निरीक्षकांना कळवावे आणि वस्तीच्या बीट हवालदाराला प्रत्येक बैठकीचे निमंत्रण द्यावे, मात्र बैठक ठाण्याबाहेर ठेवावी. पंधरवड्यातून एक वार आणि एक वेळ पक्की करावी. कोणत्याही पक्षाकडून पैसे किंवा मंडप घेऊ नये. एक वही ठेवावी, तिच्यात आलेली तक्रार, ती कोणी पाहायची आणि पुढच्या बैठकीत काय झाले हे लिहावे. विषय नसेल त्या दिवशीही बैठक भरवावी, हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात आणि चहा पिऊन घरी जावे.